जिताडा, दोन काटे आणि चार ओळींचे नियम

वाद ५५ ग्रॅमचा होता. गरीने, म्हणजे गळाने, मासे धरणाऱ्या आमच्या हौशी गटाच्या वहीत जिताडा या माशाची जुनी नोंद १२ किलो ८५० ग्रॅमची, नवा दावा १२ किलो ९०५ ग्रॅमचा. जेट्टीवरून बाजारात नेईपर्यंत ओल्या गोणीतून याहून जास्त पाणी ठिबकतं. तरी त्यापायी कित्येक वर्षं एकत्र गरवायला जाणारी माणसं एकमेकांना टाळू लागली, एका तरुणावर मासा विकत घेतल्याचा आळ आला, आणि शेवटी तिघांची तपासणी समिती बसवावी लागली. त्या तिघांत मी होतो. कुणाचं नाव आणि नेमकी जेट्टी इथे देत नाही. प्रकरण समजायला त्यांची गरजही नाही.

वही आणि तिचे नियम

हा गट म्हणजे नोंदणीकृत संस्था नव्हे. ठाण्याच्या कोपरी-कळव्यापासून नवी मुंबईतल्या ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूरपर्यंतचे हौशी लोक. कुणी बँकेतून निवृत्त झालेला, कुणी रिक्षा चालवणारा, दोघा-तिघांच्या घरच्याच होड्या. सुट्टीच्या दिवशी भरती-ओहोटीचं गणित बघून निघायचं, खाडीच्या काठाला, पुलाच्या आसपास किंवा एखाद्या जुन्या जेट्टीवर बसायचं. गटाकडे एक लॉगबुक, म्हणजे नोंदवही, आहे. त्यात जातीनुसार सर्वांत मोठ्या माशाची नोंद होते: जिताडा, बोय, शिंगाळा, तलावातला कटला, रोहू. वहीच्या पहिल्या पानावर जुन्या मंडळींनी चार ओळी लिहून ठेवल्या आहेत. मासा गरीने धरलेला असावा. स्वतः धरलेला असावा. दोन साक्षीदार असावेत. वजन काट्यावर केलेलं असावं, अंदाजे नको.

या चार ओळींवर इतकी वर्षं निभावलं, कारण पणाला काहीच नव्हतं. यंदा गरीचं सामान विकणाऱ्या एका दुकानदाराने वर्षातल्या सर्वांत मोठ्या नव्या नोंदीला गरीच्या दांडीला लावायची, दोरा गुंडाळायची एक चांगली रील बक्षीस म्हणून जाहीर केली. माझ्या मते वादाची सुरुवात तिथेच झाली. मासा नंतर आला.

मासा

कोजागिरीनंतरचं उधाण होतं. मुंबईच्या किनाऱ्याला पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास भरती दुपारी बारा-साडेबाराला लागते, नंतरचे दोन-तीन दिवस ती पुढे सरकते, आणि खाडीत आत यायला तिला आणखी उशीर होतो. ऐरोलीचा एक तरुण (यापुढे दावेदार) त्याचा मित्र आणि चुलतभाऊ यांच्यासह नेरूळकडच्या एका जेट्टीवर बसला होता. आमिष जिवंत बोयटांचं, म्हणजे लहान बोय माशांचं. पाणी उतरू लागल्यावर, पावणेचारच्या आधी, जिताडा लागला.

जेट्टीच्या पायऱ्या शेवाळलेल्या, खालच्या दोन-तीन गाळाने माखलेल्या. माशाला जाळीत घ्यायचं तर खाली उतरायला हवं. दावेदाराने दांडी मित्राच्या हातात दिली, चार पायऱ्या उतरला, दांडी परत घेतली. चुलतभावाने जाळी खाली घालून मासा वर उचलला. वरच्या ओट्यावर त्याला गोणीत घालून खिशातल्या डिजिटल ताणकाट्याला लटकवलं. आकडा आला १३.४६. त्याचा फोटो लगेच गटात पडला, ‘नवा रेकॉर्ड’ अशा मथळ्याने.

संध्याकाळी तोच मासा बाजारातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर १२.९०५ भरला. दावेदाराने तोही फोटो प्रामाणिकपणे टाकला, आणि तिथेच फसला. दोन तासांत अर्धा किलो गेला कुठे? जुन्या नोंदीचे धनी गटातले, ठाण्याच्या चेंदणीचे काका. ते काही बोलले नाहीत. त्यांच्या पुतण्याने मात्र व्हॉइस मेसेज टाकला: हा मासा गरीचा नाहीच, जाळ्यातला आहे, बाजारातून विकत घेतला आणि जेट्टीवर नेऊन फोटो काढले.

मासा तोवर कापून नातेवाइकांत वाटून झाला होता. सुदैवाने डोकं दावेदाराच्या आत्याच्या फ्रीझरमध्ये कालवणाची वाट बघत होतं.

दोन प्रश्न, दोन ओझी

समितीच्या पहिल्याच बैठकीत लक्षात आलं की लोक दोन वेगळे प्रश्न एकात गुंडाळून विचारताहेत. एक, ही नोंद वहीत जावी का? दोन, हा माणूस खोटारडा आहे का? पहिल्यात सिद्ध करायची जबाबदारी दावेदाराची. नोंद मागणाऱ्याने पुरावा द्यायचा, तो अपुरा पडला तर नोंद मिळत नाही, यात अपमान काही नाही. दुसऱ्यात ती जबाबदारी आरोप करणाऱ्याची. ‘तू विकत घेतला नाहीस हे सिद्ध कर’ हा प्रश्न मला मान्य नव्हता आणि आजही नाही.

हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की काय होतं याचं ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे. ९ जुलै १९५५ रोजी डेल हॉलो जलाशयात डेव्हिड हेज यांनी ११ पौंड १५ औंसांचा, म्हणजे सुमारे ५.४ किलोचा, स्मॉलमाउथ बास पकडला. तो त्या जातीचा जागतिक विक्रम ठरला. त्याच वर्षी गोदीवरच्या एका कामगाराने शपथपत्र केलं होतं की वजनापूर्वी आपण त्या माशाच्या पोटात तीन पौंड धातू कोंबला. ते शपथपत्र चाळीसेक वर्षांनी उजेडात आलं आणि १९९६ मध्ये नोंद काढून घेतली गेली. पुढे पुन्हा चौकशी झाली आणि २००५ मध्ये ती हेज यांना परत मिळाली. माशाची लांबी २७ इंच नोंदलेली होती, घेरही नोंदलेला होता. पोटात धातू कोंबून वजन वाढतं, लांबी वाढत नाही. तीन पौंड वजा केले तर त्या लांबी-घेराच्या मानाने मासा फारच हलका ठरतो. हे गणित १९९६ मध्येही करता आलं असतं. शपथपत्र कागदावर होतं म्हणून ते पुरावा वाटलं, इतकंच.

आमच्याकडे तर शपथपत्रही नव्हतं, व्हॉइस मेसेज होता. बैठकीत कुणीतरी म्हणालं, त्याला एकवीरा आईची शपथ घ्यायला लावा, प्रश्न मिटेल. दावेदार एका पायावर तयार झाला. आम्हीच नको म्हटलं. शपथ घेणारा शंभर टक्के खरा असला तरी त्याचा ताणकाटा खोटा असू शकतो, आणि देवीला काट्याबद्दल विचारणं बरं नव्हे.

जाळं की गरी

आरोपाची तपासणी त्या मानाने लवकर आटोपली. जाळ्यात अडकलेल्या मोठ्या माशाच्या अंगावर बहुधा खूण राहते. कल्ल्यांच्या मागे, परांच्या मुळाशी दोऱ्याचा वळ उमटतो, खवले खरवडलेले असतात. फोटोंत डावी बाजू स्वच्छ होती. उजव्या बाजूचा फोटो नव्हता, म्हणून हा पुरावा अर्धाच. डोकं फ्रीझरमधून काढून पाहिलं. जबड्याच्या कोपऱ्यात गळाचं भोक आणि भोवती फाटलेली कातडी. आता मेलेल्या माशाच्या तोंडातही गळ अडकवता येतो, त्यामुळे हाही पुरावा एकट्याने पुरत नाही.

उपयोगी पडली जेट्टीवरच्या एका अनोळखी माणसाने घेतलेली पाऊण मिनिटाची क्लिप. गटात फिरत होती ती व्हॉट्सॲपवरून आलेली, तिच्यावरून मूळ चित्रीकरण कधीचं ते खात्रीने सांगता येईना. म्हणून त्या माणसाला शोधून त्याच्या फोनमधली मूळ फाइल पाहिली. वेळ दुपारी ३ वाजून ४१ मिनिटं. वेळ बदलता येते हे मान्य, पण क्लिपमध्ये पाणी वरच्या पायऱ्यांवरून उतरलेलं आणि ओल्या पायऱ्या चकाकताना दिसत होत्या. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-कोष्टकाशी ताडून पाहिलं तर त्या दिवशी, त्या वेळी पाण्याने नेमकं तिथेच असायला हवं होतं. दांडी वाकलेली, दोरा पाण्यात आडवा धावतोय, मासा एकदा अंग टाकून पृष्ठभागावर उलटतो. बाजारातून आणलेला मासा असं करत नाही.

सर्वांत चांगली साक्षीदार मात्र कुणाच्याच गटातली नव्हती. बाजारात मासा कापून देणाऱ्या मावशींना विचारलं, पोटात काय निघालं? त्या म्हणाल्या, दोन अर्धी पचलेली बोयटं, आणखी काही नाही. २०२२ च्या सप्टेंबरात अमेरिकेत ईरी सरोवरावरच्या वॉलाय माशांच्या स्पर्धेत संयोजकाने विजेत्यांचे मासे सगळ्यांसमोर फाडले, तेव्हा आतून शिशाचे गोळे आणि दुसऱ्या माशांच्या फाका निघाल्या. दोघांनी पुढे गुन्हा कबूल केला, दहा दिवसांचा तुरुंगवास झाला. तिथे सुरी संयोजकाला चालवावी लागली. आपल्याकडे बाजारात ती रोज चालते, फक्त विचारायला कुणी जात नाही.

आरोपाबाबत आमचं एकमत झालं आणि ते आम्ही वेगळं लिहिलं: मासा गरीने धरलेला आहे, विकत घेतल्याच्या आरोपाला कसलाही आधार मिळाला नाही. वजनाचा निर्णय काहीही लागो, हे वाक्य त्याच पानावर, तितक्याच ठळक अक्षरात जाईल असा आग्रह मी धरला.

अर्धा किलो कुठे गेला

इथे मात्र बराच वेळ गेला आणि शिकायलाही इथेच मिळालं.

प्रवासात वापरतात तसला तो ताणकाटा. पडद्यावर दहा ग्रॅमपर्यंतचा आकडा दाखवतो, म्हणून लोकांना वाटतं की तो दहा ग्रॅमपर्यंत खरा आहे. आकडा किती बारीक दिसतो आणि किती बरोबर असतो या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. आमच्या समितीतले एक सदस्य किराणा दुकानदार. त्यांच्याकडे शिक्क्याची लोखंडी वजनं. ती त्या काट्याला टांगली. ५ किलोला ५.०९, १० किलोला १०.१८, १५ किलोला १५.२७. म्हणजे काटा सगळीकडे सारखाच, १.८ टक्के जास्त दाखवतो. हे एका अर्थी चांगलं झालं. इकडेतिकडे उड्या मारणारा काटा सुधारता येत नाही, एकाच दिशेने चुकणारा येतो. १३.४६ चे झाले १३.२२.

मग गोणी. तीच गोणी खाडीच्या पाण्यात भिजवून, उचलून, त्याच काट्यावर पुन्हा पुन्हा तोलली. किती निथळू दिली त्यावर २९० ते ३४० ग्रॅम. गरीच्या विक्रमांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत मासा ज्यात ठेवून तोलला त्याचं वजन वजा करावं लागतं ते यासाठीच. वजा केल्यावर मासा उरतो १२.८८ ते १२.९३ च्या दरम्यान. बाजारातला आकडा १२.९०५ बरोबर त्यात बसतो.

गेलेला अर्धा किलो असा सापडला. त्यातला निम्म्याहून अधिक गोणीचा, बाकीचा काट्याचा.

बाजारातल्या काट्याबद्दलही एक शंका होती. फोटोत मासा ट्रेमध्ये आहे. ट्रे ठेवून आकडा शून्यावर आणला होता का? तसा रिकाम्या ट्रेचा फोटो नाही. ट्रे सहज चारशे ग्रॅमचा. तो धरला गेला असता तर मासा साडेबारा किलोचा ठरला असता. पण मग ताणकाट्याचा सुधारलेला आकडा एवढा वर कसा आला असता? एकेकटे लंगडे असलेले दोन पुरावे एकमेकांच्या आधाराने उभे राहिले. त्या काट्याचं पासिंग, म्हणजे सरकारी पडताळणी, मुदतीत होतं, पडताळणीचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं होतं. मावशींनी ते आम्हाला आधी दाखवलं आणि मगच बोलायला सुरुवात केली.

अशा काट्याची चूक किती असू शकते हेही ठरलेलं आहे. तीस किलो क्षमतेचा, पाच ग्रॅमचा टप्पा असलेला दुकानी काटा तेरा किलोच्या आसपास पडताळणीच्या वेळी साडेसात ग्रॅम इकडेतिकडे चालतो आणि वापरात असताना त्याच्या दुप्पट, म्हणजे पंधरा ग्रॅम. ५५ ग्रॅमचा फरक त्याच्या पलीकडचा होता.

लांबीने फारशी मदत केली नाही. दावेदाराने १०४ सेंटिमीटर लिहिलं होतं, पण शिंप्याची टेप पोटाच्या फुगवट्यावरून फिरवून. फोटोत माशाशेजारी त्याच पातळीवर दांडी पडली होती. तिच्या दोन कड्यांमधलं अंतर मोजून फोटोवरून हिशेब काढला तर मासा ९९ ते १०२ सेंटिमीटर आला. घेर मोजलेलाच नव्हता. गरवणाऱ्यांत एक जुनं सूत्र आहे: घेराचा वर्ग गुणिले लांबी, इंचांत, भागिले ८००, की पौंड मिळतात. सेंटिमीटर आणि किलोसाठी तो भाजक साधारण २९ हजार होतो. उलटं गणित मांडलं तर शंभर सेंटिमीटरच्या, १२.९ किलोच्या माशाचा घेर ६१ सेंटिमीटर हवा. फोटोतला जिताडा तितका जाड वाटतो. ‘वाटतो’ यापुढे मी जाणार नाही, कारण हात पुढे ताणून धरलेला मासा नेहमीच मोठा वाटतो आणि फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं.

नियम कुणाचे

वजन पटलं. आता निर्णय सोपा व्हायला हवा होता. पण त्याच सुमारास समितीतले तिसरे सदस्य, निवृत्त मास्तर, इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनचे नियम घेऊन आले.

अमेरिकेतली ही संस्था १९३९ पासून जगभरातल्या गरीच्या विक्रमांची नोंद ठेवते. तिचे नियम काटेकोर आहेत. वजन जमिनीवर व्हावं, होडीत नाही. काट्याचं प्रमाणीकरण वर्षाच्या आतलं हवं. माशाचा, दांडी-रीलचा आणि काट्याचा फोटो हवा, वापरलेल्या दोऱ्याचा नमुना द्यावा लागतो. काट्याच्या दोन रेघांमध्ये आकडा आला तर अंदाजाने मधला आकडा वाचायचा नाही, खालची रेघ धरायची. पंचवीस पौंडांखालच्या (सुमारे ११.३ किलो) माशाने जुना विक्रम किमान दोन औंसांनी मोडला पाहिजे, त्यावरच्या माशाने किमान अर्ध्या टक्क्याने. नाही तर बरोबरी. आणि मासा लागल्यावर दांडीला दुसऱ्या कुणाचा हात लागला तर मासा बाद.

बरोबरीचा नियम किती कडक पाळतात याचं उदाहरण लार्जमाउथ बासचं आहे. जॉर्ज पेरी यांनी २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यात २२ पौंड ४ औंसांचा मासा धरला, तो टपाल कार्यालयात तोलला आणि घरी नेऊन खाल्ला. २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी धरलेला मासा त्याहून किंचित जड भरला, पण दोन औंसांनी नाही. कुरितांनी सत्यशोधक यंत्राची चाचणीही दिली. तरी २०१० मध्ये नोंद लागली ती बरोबरीची.

मास्तरांनी गणित मांडलं. १२.८५० चा अर्धा टक्का ६४ ग्रॅम. दावेदाराचा फरक ५५. म्हणजे बरोबरी. पुतण्या खूश झाला.

मग दुकानदार सदस्याने वहीत जुन्या नोंदीचं पान उघडलं. काकांचा जिताडा घड्याळाच्या तबकडीसारख्या स्प्रिंगकाट्यावर तोललेला होता आणि त्या काट्याला रेघा शंभर ग्रॅमच्या. ८५० हा आकडा ८०० आणि ९०० च्या मधोमध नजरेने वाचलेला. आंतरराष्ट्रीय नियम लावायचा तर जुनी नोंद १२.८०० होते, फरक १०५ ग्रॅम होतो, आणि दावेदार स्पष्ट जिंकतो. आता दावेदाराचा भाऊ खूश झाला.

यावर पुतण्याने क्लिप पुन्हा लावली. दांडी मित्राच्या हातात गेलेली पाच-सहा सेकंदं त्यात स्पष्ट दिसतात. ज्या क्लिपने दावेदाराला मासा विकत घेतल्याच्या आरोपातून सोडवलं तिनेच त्याला इथे अडकवलं. आंतरराष्ट्रीय नियमाने मासा तिथेच बाद.

त्या खोलीत काय चाललं होतं ते बघण्यासारखं होतं. प्रत्येक नियम चांगला होता, त्यामागे कारण होतं. पण मासा मेजावर आल्यानंतर तो नियम काढला की त्यावर कुणाचं तरी नाव आधीच लिहिलेलं असतं. अर्ध्या टक्क्याच्या नियमावर काकांचं, खालच्या रेघेच्या नियमावर दावेदाराचं, दांडीच्या नियमावर पुन्हा काकांचं. कुठला नियम घ्यायचा हे ठरवणं म्हणजे निकाल ठरवणं. मास्तरांना हे पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं, जगात जे प्रमाण मानलं जातं ते आपण मानलं तर त्यात पक्षपात कसला? माझं उत्तर होतं की मग सगळे नियम लावा, मागच्या प्रत्येक नोंदीला लावा. तसं केलं असतं तर वहीत एकही मासा उरला नसता. दोऱ्याचा नमुना कुणी ठेवलाय?

जुन्या नोंदी नव्या कसोटीवर तपासायच्या की नाहीत, याला सर्वत्र लागू होईल असं उत्तर नाही. अमेरिकेतच आर्थर लॉटन यांची १९५७ मधली ६९ पौंड १५ औंसांच्या मस्की माशाची नोंद १९९२ मध्ये काढून टाकली गेली, आणि पेरींची, मासा खाऊन टाकलेला असूनही, टिकली. जिथे खोटेपणाचा ठोस पुरावा समोर येतो तिथे जुनं पान उघडावं. निव्वळ आजच्यासारखा काटा तेव्हा नव्हता म्हणून उघडू नये, असं माझं मत.

चौथी नव्हे, दुसरी ओळ

मग उरल्या वहीतल्या चार ओळी, मासा धरला त्या दिवशी जशा होत्या तशा. गरीने: हो. दोन साक्षीदार: हो. एक मित्र आणि एक चुलतभाऊ, पण नात्यातला चालणार नाही असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. काट्यावर वजन: हो, पासिंग असलेल्या. आणि किती ग्रॅमने जास्त हवं हेही लिहिलेलं नव्हतं. सगळं प्रकरण दुसऱ्या ओळीवर येऊन थांबलं. स्वतः. मित्राच्या हातात पाच-सहा सेकंद दांडी असताना मासा कुणाचा होता?

मास्तर म्हणाले, त्या वेळेपुरता मित्राचा. दुकानदार म्हणाले, क्लिपमध्ये मित्राने रील फिरवलेली नाही, नुसती दांडी धरली आहे. दोघांचंही बरोबर. माझं मत असं पडलं की ‘स्वतः’ म्हणजे काय हे या गटाने इतकी वर्षं कसं पाळलं ते बघावं. वहीत जेट्टीवरच्या जुन्या नोंदींत ‘जाळी अमक्याने धरली’ असे शेरे होते. दांडीबद्दल शेरा नव्हता.

ते कळायला काकांना विचारावं लागलं. त्यांना तोवर कुणीच काही विचारलं नव्हतं, सगळे त्यांच्या वतीने भांडत होते. मास्तरांनी विचारलं, “काका, तुम्ही त्याच जेट्टीवर बसता. मोठा मासा लागला की दांडी दुसऱ्याच्या हातात देता का?”

काका म्हणाले, “त्या पायऱ्यांवर दांडी घेऊन उतरलो असतो तर आज इथे बसलो नसतो. माझ्या जिताड्याच्या वेळी ह्याच्याच बापाने धरली होती.” आणि पुतण्याकडे बोट दाखवलं.

मत घेतलं. दोन विरुद्ध एक. नवी नोंद १२ किलो ९०५ ग्रॅम, मूळ काट्याच्या फोटोसह वहीत गेली. १३.४६ चा आकडा खोडायचा नाही, त्याच्या शेजारी काट्याची चूक आणि गोणीचं वजन लिहायचं असं ठरलं. काकांची नोंद तशीच राहिली, ‘स्प्रिंगकाटा, शंभर ग्रॅमच्या रेघा’ एवढा शेरा जोडून. मास्तरांनी आपलं विरुद्ध मत तीन ओळींत लिहून सही केली. ते मी मुद्दाम वहीत लावून घेतलं, कारण त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, फक्त त्या माशासाठी उशिराने आलं होतं.

पुतण्याने आरोप मागे घेतला, माफी मागितली नाही. गरीच्या सामानाच्या दुकानदाराने रील दिली.

त्यानंतर

नवे नियम पुढच्या माशासाठी लिहिले, या माशाचा विषय बंद झाल्यावर. एक साक्षीदार नात्याबाहेरचा. वजनाआधी रिकाम्या काट्याचा फोटो, ट्रे असेल तर ट्रेसकट. माशाच्या दोन्ही बाजूंचे फोटो. लांबी सरळ रेषेत, शेजारी पट्टी ठेवून. फरक अर्ध्या टक्क्याहून कमी असेल तर बरोबरी. दांडीबद्दल मात्र आंतरराष्ट्रीय नियम घेतला नाही. उतरण्यापुरती दुसऱ्याने धरली तर चालेल, रील फिरवली तर बाद. आपल्या जेट्ट्या फ्लोरिडातल्या नाहीत.

आणखी एक रकाना वाढवला: सोडलेल्या माशाची लांबी. जिताडा आयुष्य नर म्हणून सुरू करतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणजे वहीत शिरण्याजोगा मोठा जिताडा बहुधा अंडी देणारी मादीच. तिला तोलण्यासाठी मारणं दर वेळी गरजेचं नाही. आंतरराष्ट्रीय संस्थेनेही २०११ पासून सोडलेल्या माशांसाठी लांबीचे वेगळे विक्रम ठेवले आहेत. या रकान्याला गटातून सर्वांत जास्त विरोध झाला. जिताडा सोडायचा म्हणजे काय, असं म्हणून अर्धी बैठक हसण्यात गेली. रकाना आहे, अजून रिकामा आहे.

काट्याचा प्रश्न शेवटपर्यंत लोंबकळला. वर्गणी काढून गटाचा स्वतःचा काटा घ्यायचं ठरलं. मग कळलं की दर वर्षी तो पडताळणीला न्यायला लागेल, फी भरावी लागेल, आणि तो कुणाच्या घरी राहील यावरून पुन्हा दोन तट पडले. शेवटी काटा घेतलाच नाही. ठाण्यात एक आणि नवी मुंबईत एक अशी पहाटे उघडणारी दोन दुकानं ठरवली. त्यांचे काटे धंद्यासाठी असल्याने पासिंग त्यांना करावंच लागतं. त्यांतल्या नवी मुंबईच्या, म्हणजे नेरूळच्या, दुकानदाराने एकच अट घातली आहे: मासा प्लास्टिकच्या पिशवीत आणायचा, आणि काटा पुसून द्यायचा.